बारा-तेराचा पाना

सुखदेव मिस्त्री गाडीचं बॉनेट कधीच आधी उघडत नसे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तो आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा, चावी अर्धी फिरवायचा आणि इंजिन सुरू न करता समोर लागलेले दिवे बोटानं मोजायचा. ऑइलचा, बॅटरीचा, ब्रेकचा, इंजिनाचा. एकेका दिव्याकडे बोट करून "हजर" म्हणायचा. मास्तर वर्गात हजेरी घेतात ना, तसं. सगळे हजर निघाले की खाली उतरायचा, हात पुसायचा आणि विचारायचा, "हं. सांगा आता. काय म्हन्ते?"

पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे. पण मी कोणाला नावं ठेवावीत? मी गुरांचा डॉक्टर. उभा जन्म गाई-म्हशींना "काय झालं ग माय?" असं विचारण्यात गेला, आणि एकीनंही उत्तर दिलं नाही.

माझी गाडी कशी आली ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. नोकरीत असताना सरकारी जीप होती. त्या जीपमध्ये बायकोला बसवायचं नाही असा माझा नियम. फार कडक. सुमन दवाखान्यातसुद्धा रिक्षानं जायची आणि मी मागून सरकारी जीपमधून, एकटाच, राजासारखा. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. रिटायर झालो तेव्हा ती म्हणाली, "आता तरी मले उंच गाडीत बसवा. लोकायच्या डोक्यावरून पाह्यचं हाय." म्हणून मी एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून जुनी, परदेशी बनावटीची, काळी धिप्पाड डिझेल गाडी घेतली. आत लेदरच्या सीटा, लाकडाची पट्टी, वर उघडणारं छत. बुलढाण्यात लोक वळून पाहत. सुमन त्या गाडीत एक उन्हाळा बसली. दिवाळीच्या आत गेली.

त्यानंतर गाडी आणि मी. मुलगी बेंगळुरूहून दर रविवारी फोनवर सांगायची, "बाबा, विकून टाका ना." मी म्हणायचो, बघू.

आणि मग तो दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. गाडी चालायची, आवाज नाही, धूर नाही, पण दिवा जळत राहायचा. शहरातल्या एका गॅरेजमध्ये कॉम्प्युटर लावून दिवा मिटवून दिला. चार दिवसांनी पुन्हा लागला. पुन्हा मिटवला, पुन्हा लागला. तिसऱ्या वेळी त्या पोरसवदा मालकानं खांदे उडवले, "काका, जुनी गाडी आहे, दुर्लक्ष करा." दुर्लक्ष कसं करणार? घरात बोलायला कोणी नाही आणि गाडीत बसलं की समोर तो डोळे वटारून बघतोय.

कोणीतरी म्हणालं, देऊळघाटच्या रस्त्यावर एक मिस्त्री आहे, तिरसट आहे, पण पाहतो.

टिनाचं शेड, एक कडुनिंब, एक बाज, एक गॅसची शेगडी. राहणंही तिथंच. बायको लग्नानंतर तीन वर्षांतच गेली होती, मूलबाळ नाही. वय असेल माझ्याहून पाच-सहा वर्षांनी कमी. हजेरी झाली. मग त्यानं मला प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि ते प्रश्न ऐकून मी चकितच झालो, कारण हे माझे प्रश्न होते.

"कवापासून हाय?"

"चार महिने."

"खाते काय?"

"डिझेल. त्या नाक्यावरच्या पंपावरचं."

"हिंडते किती?"

"घरून भाजी मार्केट. तिथून वाचनालय. तिथून घर."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखाद्या शेतकऱ्याकडे पाहायचो, त्यानं बैलाला आठवडाभर न सोडता दावणीला बांधून ठेवल्यावर.

"डाक्टर," तो म्हणाला, "एवढा मोठा हत्ती अन तुमी त्याले मेथीची जुडी आनाले धाडता? गरमच नाही होऊन राह्यली हे गाडी. थंड्या इंजनात काजळी धरते. एक झडप असते अथी, धूर वापस आत घेनारी. आपला धूर आपनच खाते हे गाडी, अन मंग गुदमरते. लाइट त्याचीच हाय."

"मग मिटवा की."

"मिटवाले कोनीबी मिटवते. मी नाही मिटवत." हा त्याचा ठरलेला बोल. "कारन काढायचं. कारन निंगालं का लाइट आपल्या मनानं जाते. आपल्या मनानं गेली तरच गेली म्हनायचं."

झडप उघडायला दोन दिवस लागले, कारण परदेशी इंजिनियरनं ती अशा जागी बसवली होती की बहुतेक त्याचं सासऱ्याशी भांडण झालेलं असावं. मला घरी काही काम नव्हतं. मी निंबाखाली खुर्ची टाकून बसलो. आणि तेव्हा मला त्याची ती दुसरी सवय दिसली.

तो इंजिनात कमरेपर्यंत वाकलेला असायचा. मध्येच उजवा हात मागे करायचा, तळवा वर, आणि म्हणायचा, "बारा-तेरा." हात तसाच राहायचा. एक क्षण, दोन क्षण. मागे कोणी नसायचं. मग तो काही न बोलता बाहेर निघायचा, भिंतीवरच्या फळीवरून बारा-तेरा नंबरचा दुतोंडी पाना घ्यायचा आणि परत वाकायचा. दहा मिनिटांनी पुन्हा हात मागे. "दहा-अकरा." पुन्हा कोणी नाही.

पहिल्या दिवशी मी हे पाचेक वेळा पाहिलं. मला काय वाटलं ते सरळ सांगतो: ह्याचंही माझ्यासारखंच. सुमन गेल्यावर मी सकाळी चहा झाला की "ये गं" अशी हाक मारायचो. महिनाभर मारत होतो. म्हणून मी उठलो आणि फळीवरून एक पाना काढून त्या तळव्यावर ठेवला. त्यानं न बघताच परत दिला. "हा नाही. हा चौदा-पंधरा." मग वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, "बसा, डाक्टर. हात घान होतीन तुमचे."

म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या माणसाला हे!

तिसऱ्या दिवशी एक कापसाचा व्यापारी आला. त्याच्याही गाडीचा दिवा लागला होता. "मिस्त्री, नुसती लाइट मिटवून द्या. संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन राह्यलं गाडी घ्याले."

सुखदेव म्हणाला, "मिटवतो न. त्याच्यात काय. आंधी त्या गिऱ्हाइकाले फोन लावून द्या. मी त्याले सांगतो का लाइट मिटवून राह्यलो, अन मंग मिटवतो."

व्यापारी जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाडी धुरळा उडवत गेली. मी हसत होतो. सुखदेव हसला नाही. बाजेवर जाऊन बसला आणि खाली पाहत राहिला. मी म्हटलं, "एवढं काऊन मनावर घेता हो? गेला तर गेला."

तेव्हा त्यानं सांगितलं. एकदाच सांगितलं, नंतर कधी विषय काढला नाही.

जळगाव जामोदच्या बस स्टँडजवळ त्याचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं, नामदेवचं, गॅरेज होतं. आई लवकर गेलेली. दादानंच वाढवलं, दादानंच धंदा शिकवला. दिव्यांची हजेरी दादाचीच. दादाची कंबर गेल्यावर सुखदेव इंजिनात वाकायचा आणि दादा मागे उभा राहून पाने द्यायचा. "नंबर सांगाचं कामच नव्हतं, डाक्टर. मी हात मांगं केला का पाना हातात. आता सवयीनं तोंडातून निंगते."

एका जीपचा ऑइलचा लाल दिवा जात नव्हता. मालकाला जीप विकायची होती, तो दादाच्या मागे लागला, आणि त्या एका वेळी दादानं मीटर उघडून दिव्यावर काळी टेप लावली. घेणाऱ्यानं दुसऱ्याच आठवड्यात शेगावला दर्शनाला जाणारी माणसं भरली, आणि पूर्णेच्या पुलावर इंजिन जाम झालं. कोणाला लागलं नाही, नशीब. पण तो माणूस दहा जणांना घेऊन गॅरेजवर आला आणि सुखदेवची कॉलर धरली.

"मी म्हनलो, मी नाही. दादानं लावली टेप. सगळ्यायच्या समोर म्हनलो. दादा तथीच उभा व्हता." सुखदेव बोटांवरचं ग्रीस पुसत राहिला, जे केव्हाच पुसलं गेलं होतं. "दादा एक शब्द नाही बोलला. लोकं गेल्यावर माही पान्याची पेटी उचलली अन शटरच्या भायेर ठेवली. बस."

"किती वर्षं झाली?"

"अकरा." मग तो म्हणाला, "मी खोटं नाही बोललो, डाक्टर."

"नाही."

"पन घरात जाऊन बोललो असतो त काय बिघडलं असतं?"

मी विचारलं, मग जात का नाही? जळगाव जामोद काय विलायतेत आहे? घाट उतरला, मोताळा, नांदुरा, पूर्णा, की आलंच. तो म्हणाला, "कोन्या तोंडानं जाऊ? काई काम त पाह्यजे."

चौथ्या दिवशी झडप साफ होऊन बसली. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला असते तशी काजळी त्यानं खरडून काढली होती. दिवा मात्र जळतच होता. "राहू द्या," सुखदेव म्हणाला. "आता हिले लांब न्या लागते. घाट उतरून, गरम करून. आपल्या मनानं मिटली पाह्यजे. रविवारी ट्रायल घेऊ."

तर अशा आमच्या ट्रायली सुरू झाल्या.

पहिल्या रविवारी मोताळ्यापर्यंत. तो चालवत होता, मी शेजारी. सुमनच्या जागेवर. तिथून खरंच लोकांच्या डोक्यावरून दिसतं. दोन्हीकडे कापूस फुटलेला, बाया वेचत होत्या. बाहेर पडून किती दिवस झाले होते, मलाच आठवेना. मोताळ्याला चहा घेतला आणि परत फिरलो. तो म्हणाला, इंजिन अजून पुरतं गरम झालं नाही.

दुसऱ्या रविवारी नांदुऱ्यापर्यंत. मी भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी डब्यात नेली होती, माझ्या हातची. हायवेवरच्या त्या उंच हनुमानाच्या मूर्तीजवळ गाडी लावली आणि माझी नजर सहज समोर गेली. दिवा नव्हता. मी डोळे चोळून पाहिलं. पिवळा दिवा गेला होता, आपल्या मनानं.

मी सुखदेवकडे पाहिलं. तो उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत होता. "पुढल्या खेपेले आनखी थोडं लांब नेऊ," तो म्हणाला. "पाहू काय म्हन्ते."

मी म्हणालो, "हो. लांबच न्यायला पाहिजे."

झालं. एवढंच. त्याच्यासाठी गप्प बसलो असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण ते पुरतं खरं नाही. मला रविवार हवे होते. दुरुस्ती झाली म्हटलं की संपलं, मी पुन्हा वाचनालयात, जुन्या पेपरांत. कोणीतरी शेजारी बसलंय, कोणीतरी "भाजीत मीठ जास्त झालं, डाक्टर" म्हणतंय, हे मला सोडवेना.

तिसऱ्या रविवारी पूर्णेच्या पुलापर्यंत. पुलाच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली, उतरला, कठड्याजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि आला. "वापस घेऊ," म्हणाला. मी हो म्हटलं.

चौथ्या रविवारी आम्ही पूल ओलांडला. समोर सातपुडा वर यायला लागला. जळगाव जामोदच्या बस स्टँडजवळ त्यानं गाडी हळू केली, एका वळणावर कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं. पन्नास-साठ पावलांवर एक निळं शटर, अर्धं उघडं. समोर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसलेला, आमच्याकडे पाठ. खांद्यावर टॉवेल. कोणी सांगायची गरज नव्हती. बसण्याची ढब सुखदेवचीच.

सुखदेवचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी वाट पाहत होतो. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"इंजन गरम असतानी उभ्यानं कसं चालते ते पाहून राह्यलो," तो म्हणाला.

"कसं चालतंय?"

"साफ चालते."

मला म्हणता आलं असतं, मिस्त्री, दिवा गेलाय, दोन रविवारांपूर्वीच गेलाय, उतरा खाली. दार उघडून ढकलता आलं असतं. जनावराला इंजेक्शन देताना मी कधी त्याची परवानगी विचारली नाही. पण मी म्हणालो, "पुढल्या रविवारी येऊ पुन्हा." त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि गाडी वळवली.

पुढच्या रविवारी मला ताप आला. त्याच्या पुढच्या रविवारी मुलगी आली होती. तिसऱ्या रविवारी सुखदेव दाढी करून, धुतलेला शर्ट घालून माझ्या फाटकाशी उभा. हातात बर्फीचा पुडा. म्हणाला, "आज उतरतो, डाक्टर. काम सांगतो दादाले. म्हनतो, ह्या गाडीची झडप पाहून दे, मले समजून नाही राह्यली."

खोटं बोलायची तालीम तो वाटभर करत होता. मला इतका आनंद झाला होता की मी नांदुऱ्यात हनुमानाला नारळ फोडला.

शटर बंद होतं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली. सुखदेवनं हाक मारली, "दादा!" बाजूच्या घरातून त्याची वहिनी बाहेर आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

सुखदेव तिच्या पायाशी वाकला तो बराच वेळ उठला नाही. मग त्यानं विचारलं, "कवा?"

"बारा तारखेले. झोपीतच गेले. तेरवी झाली."

"मले काऊन नाही सांगतलं, वहिनी?"

"कोन सांगन, भाऊजी? तुमी कुठी राह्यता, नंबर काय, कोनाले मालूम हाय?" ती रागानं नाही बोलली. मग माझ्या गाडीकडे पाहून म्हणाली, "हेच गाडी घेऊन आल्ते न तुमी? मांगं? तथी वळनावर उभे व्हते."

सुखदेवनं मान वर केली.

"त्याईनं वळखलं व्हतं. मले आवाज देऊन म्हने, आयक, इंजन कसं साफ वाजून राह्यलं. सुख्या हाय त्या गाडीत. मी म्हनलं, हाक मारू का? म्हने, नोको. येईन तो आपल्या पायानं. तुमी गेले तरी तथीच बसले, जेवाले उठले नाही. दुसऱ्या रोजी खुर्ची फिरवून मांगतली, रस्त्याकडं तोंड करून. मंग रोज तसेच बसत."

बर्फीचा पुडा सुखदेवनं ओट्यावर ठेवला. वहिनीनं चहा केला, तो त्यानं घेतला.

परतताना मी गाडी चालवली. पूर्णेचा पूल गेला, नांदुरा गेलं. घाट चढायला लागलो तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मिस्त्री, माझं चुकलं. दिवा नांदुऱ्यालाच गेला होता. दुसऱ्याच खेपेला. मी पाहिलं होतं."

तो खिडकीबाहेर पाहत होता. "नांदुरा कुठचं, डाक्टर," तो म्हणाला. "पहिल्याच खेपेले, मोताळ्याच्या अलीकडंच गेली व्हती."

त्यानंतर महिनाभर मी तिकडे गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती. गाडी मात्र रोज लांब न्यायचो, कधी चिखलीकडे, कधी नुसताच घाट उतरून वर. दिवा पुन्हा लागला नाही. एक दिवस कारण नसतानाच देऊळघाटचा रस्ता धरला.

तो एका पिकअपच्या इंजिनात वाकलेला होता. मला पाहून मान हलवली, "या, बसा," म्हणाला आणि कामाला लागला. मी बसलो नाही. त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. एव्हाना फळीवरचे सगळे पाने मला ओळखता येत होते. कोणता नट आहे ते मी वाकून पाहिलं आणि बारा-तेराचा काढून हातात धरून ठेवला.

बराच वेळ गेला. सुखदेवनं हात मागे केला नाही. तो सरळ झाला, माझ्या बाजूनं फळीपर्यंत गेला, बारा-तेराची जागा रिकामी पाहिली, माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, आणि मग बाजूच्या रिंग पान्यांमधला त्याच मापाचा एक काढून परत येऊन वाकला. मी पाना धरून तसाच उभा होतो.